सिंधू नावाची बाटली

नंदनवन, नागपूर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. पिंकी,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीने असंच लिहायचं असतं म्हणून लिहिलं, मनातून आले असं समजू नकोस. इकडे सगळं ठीक. बाबा जेवतात, झोपतात. तू बनवलेल्या अत्तराचं पार्सल पोचलं. मत फोनवर कळव म्हणालीस, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

तू सांगितलंस तसं आंघोळ झाल्यावर मनगटाला आणि कानामागे अत्तर लावलं. आधी येते ती संत्र्याची साल. सोलताना डोळ्यात उडते ना, तशीच झोंबरी. मग चुरगळलेल्या पानांचा कडवटपणा, आणि त्यामागे तुळस. बाजारातल्या संत्र्याच्या अत्तरांना गोळ्या-चॉकलेटचा वास येतो, तुझ्या अत्तराला तो नाही. आत्ताच काय ते खूश होऊन घे, पुढे तसं काही नाही.

डब्यावर 'सिंधू' हे नाव आणि खाली 'माझ्या आईच्या हातांचा वास' असं छापायचं, आणि त्याला मी हो म्हणायचं, अशी तुझी इच्छा. आईचे हात तुला काय माहीत गं? नरखेडच्या बागेत बुंध्यांना मोरचूद-चुना लावून झाला की ती विहिरीवर संत्र्याची पानं तळहातांवर चोळून हात धुवायची, आणि घरात शिरताना तुळशीच्या मंजिऱ्या चुरडायची. तू तेव्हा होस्टेलला. तिच्या आजारपणात आली नाहीस. तेरवीला आलीस, संध्याकाळच्या विमानाने परत गेलीस, आणि जाताना बागेतून पानांची पिशवी भरून नेलीस. मला वेडीला वाटलं, आठवण म्हणून नेतेय.

असो. अत्तर लावून मी बाबांना चहा द्यायला गेले. तू कधी विचारलं नाहीस म्हणून तुला माहीत नाही, ते आता मला ओळखत नाहीत. दवाखान्यातून कामाला आलेली समजून मला 'बाई' म्हणतात, अहोजाहो करतात. त्या दिवशी त्यांनी कप घेतलाच नाही. माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "सिंधू, मोटर बंद केली काय वं?"

मी म्हटलं, "केली जी."

दुपारभर बोलत होते. ओलिताचं, झाडांवर पडलेल्या कोळशी रोगाचं, मृगाच्या बहाराचं. शामला शाळेतून आली काय, हेही विचारलं. माझ्या बापाने माझी चौकशी माझ्याकडेच केली, आणि मी सांगितलं, आली, जेवते आहे.

आता तुझ्या अत्तराचा दोष. ते टिकत नाही. साल लगेच उडते, ऊन उतरेपर्यंत पानंही जातात, मग नुसता वाळा उरतो. संध्याकाळी बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, सिंधू कुठं गेली? आत्ता तं इथंच होती."

मला खोटं सुचलं नाही. खरं ते सांगितलं.

"मले काहून नाही सांगतलं कोणी?" म्हणाले, आणि असे रडले की शेजारच्या कुसुमताई हातातली कणीक तशीच घेऊन धावत आल्या. आई गेली तेव्हाही ही बातमी त्यांना मीच दिली होती. तुझा फोन बंद होता.

सकाळी ते सगळं विसरले. मी पुन्हा अत्तर लावलं. त्यानंतरही रोज लावते आहे. त्यांच्या तोंडून स्वतःला 'वं' ऐकायला मला आवडतं, पिंकी. त्यापायी रोज संध्याकाळी मी त्यांना रडवते. तू हे पाठवलंच नसतंस तर मी 'बाई' म्हणून निभावून नेलं असतं. म्हणून तुझा राग येतो, आणि तो जाईल असं वाटत नाही.

माझं मत असं की वास बरोबर आहे. पण नावाला मी हो म्हणणार नाही. नाव हवंच असेल तर इकडे ये. हेच अंगाला लाव आणि दुपारभर त्यांची सिंधू हो. वास उतरल्यावर ते विचारतील, तेव्हा उत्तर तू दे. मग काय छापायचं ते छाप.

लवकर ये. बाटली अर्ध्याच्या खाली गेली आहे.

बाबांची बाई,
शामला