तीस तारखेच्या आत

बराकपूर,
८ नोव्हेंबर १९७१

प्रिय शकुन,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. पाकीट तुझ्या दादाच्या हाती न पडता थेट तुझ्या हाती पडावं म्हणून तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर टाकतो आहे. इथे सगळं तसंच. सियालदाच्या फलाटांवर निर्वासितांनी संसार मांडलेत. त्यांच्या चुलींमधून वाट काढत मी रोज एस्प्लनेडला ऑफिसात पोचतो, तेही वेळेवर. माझ्या त्या वेळेवर पोचण्याचा तुला किती राग यायचा, ते विसरलो नाही.

ऑफिसात महिनाभर एकच विषय आहे. कुटुंब-पेन्शनची योजना आली आहे. तीस तारखेच्या आत प्रत्येकाने लिहून द्यायचं: निवृत्त होताना फंडाची सगळी रक्कम घेणार, की त्यातला हिस्सा सोडून आपल्यामागे बायकोला जन्मभर पेन्शन ठेवणार. एकदा दिलं की बदल नाही. दुपारी डबे उघडले की थट्टा सुरू होते. श्यामराव म्हणाले, "मी मेल्यावर हिला पेन्शन मिळणार म्हटल्यावर ही मला औषध तरी वेळेवर देईल का?" पण त्यांच्या घरी वहिनींनी फॉर्मला हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, कुंकू पुसल्यावर मला काय मिळणार, त्याच्यावर मीच सही करू? असला अभद्र कागद घरात नको. श्यामरावांनी मुकाट्याने सगळी रक्कम पत्करली.

मी मात्र पेन्शनवर खूण केली आणि पुढचे रकाने भरत गेलो. मुलांच्या रकान्यात वैशालीचं नाव लिहिलं, खाली जन्मतारीख. लिहिताना काही वाटलंच नाही. फॉर्म तपासणाऱ्या बिमलबाबूंनी सहज विचारलं, "आगाशेबाबू, मुलगी कितवीत?" मी म्हणालो, "सहावीत." आणि मग माझं मलाच ऐकू आलं. सातव्या वर्षी गेली ती. तिला मी दर जूनमध्ये वरच्या वर्गात घालत आलो होतो. बिमलबाबूंना बहुधा माझ्या चेहऱ्यावरून कळलं. खाडाखोड चालत नाही एवढं म्हणून त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला आणि स्वतःचं पेन दिलं.

ती गेली त्या आठवड्यात ऑडिट होतं. तीन दिवस तू म्हणत होतीस, अहो, आज तरी रजा घ्या, हिला मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ. मी म्हणत राहिलो, शनिवारी नेऊ. शुक्रवारीच सगळं संपलं. त्यानंतर तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर सोसलं असतं. आईच्या दुखण्यासाठी म्हणून नागपूरला गेलीस, तेव्हा हावड्याला पोचवायला आलो होतो. परतीचं तिकीट काढून ठेवू का, हे विचारायचा धीर झाला नाही.

आज क्षमा मागायला लिहीत नाही आणि परत ये म्हणायलाही नाही. माझ्या फुप्फुसात गाठ आहे. डॉक्टर पुढच्या दुर्गापूजेपलीकडचं बोलत नाहीत. माझ्यामागे भावाच्या घरात तुला कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये, एवढंच आता माझ्या हातात उरलंय. पण फॉर्मला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. लग्नातला दिला होता, तो परत आला. त्यात तू मान खाली घातली आहेस, मुंडावळ्यांआड चेहरा दिसत नाही. दुसरा एकत्र फोटो आपण कधी काढलाच नाही. गुरुवारी, अठरा तारखेला, मी मेलने नागपूरला उतरेन. तुझ्या शाळेच्या रस्त्यावर स्टुडिओ आहे, तिथे दहापासून पाचपर्यंत बसेन. घरी येणार नाही. तू येशील असं वाटत नाही, पण तिकीट काढलं आहे. आलीस तर फोटोवाला जवळ सरका म्हणेल. नको सरकूस. दोघांचे चेहरे ओळखू आले की ऑफिसला पुरतं.

तुझाच,
दिगंबर