दहा मिनिटांचं योगदान

४ मार्च
साहेबांनी बोलावलं. राष्ट्रदिनाच्या कार्यक्रमात मी दहा मिनिटं बोलायचं. विषय — 'देशाच्या उभारणीत तुमच्या समाजाचं योगदान'. तुमच्या! सव्वीस वर्षं या शहराचं पाणी तपासतेय मी. सकाळी चूळ भरताना माझा समाज आठवत नाही कुणाला!
"आणि बाई, तुमच्या लोकांचा पोशाख घालून या हं. फोटोत उठून दिसतो."
तो पोशाख आमच्यात शेवटचा पणजीने घातला असेल. भाड्याने आणू?

६ मार्च
दादाला सांगितलं. चुकलंच. हा माझा थोरला भाऊ म्हणजे समाजाचा स्वयंघोषित अध्यक्ष. माइक दिसला की गुळाला मुंगळा. चार पानं लिहून आणली — 'आपण सारी एकाच बागेतली फुलं'. बाग कुणाच्या मालकीची, ते मात्र लिहिलं नव्हतं!

९ मार्च
पूर्वेकडच्या टाकीचा नमुना खराब. पुन्हा पाहिला. जंतूच. धावत साहेबांकडे.
"उद्या मंत्री येतायत बाई! परवा बघू."
"लोक आज पितायत, साहेब."
त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. आदेशावर सही फक्त माझी. पाणी बंद करायला लावलं.

१० मार्च
भाषण बोंबललं. दिवसभर टाकी उपसणं, धुणं, औषध टाकणं.

११ मार्च
दूधवाला सांगत होता, गल्लीत बोलतायत — 'त्या लोकांनी मुद्दाम राष्ट्रदिनालाच पाणी तोडलं.' वा! सव्वीस वर्षं नळ वाहिला तो खात्याचा. दोन दिवस कोरडा राहिला, तर लगेच आमच्या समाजाचा!
साहेब म्हणे, "थोडी रजा घ्या, वातावरण निवळू दे." आणि पाणी कोण निवळवणार? तुमचा चष्मा?

१२ मार्च
टाकीच्या नव्या नमुन्यांचा निकाल आज. दुपारी कचेरीच्या फाटकावर घोळका. आरडाओरडा. साहेब मागच्या दाराने घरी. शिपायाने आतून कडी घातली. पळून जावंसं वाटलं — इथे खोटं कशाला लिहू? पण नमुन्यांच्या काचेच्या बशा तपासायच्याच होत्या. एक बशी चुकली तर सगळ्या शहराच्या जिवाशी खेळ.
तेवढ्यात बाहेर ओळखीचा आवाज — "बंधूंनो आणि भगिनींनो..."
दादा! देवा, इथेही? हसूच आलं मला. ऐकणारे मिळाले एकदाचे!

१३ मार्च
दादाच्या कपाळाला सात टाके. पहिला दगड लागला तरी फाटकातून हलला नाही म्हणे. माझं काम होईस्तोवर बोलतच राहिला. शिपायाने आज सांगितलं. काल मला सांगायचं नाही, अशी दादाने त्याला शपथ घातली होती.
नमुने स्वच्छ निघाले. पाणी सोडलं. दवाखान्यात गेले तर डोळे न उघडताच त्याने विचारलं, "सगळ्यांकडे आलं ना गं?"