घरापुरता नंबर

नाजी,

फ्रिजवरचा कॅमेऱ्याचा नंबर, १९२.१६८.१.२०, फाडून टाकलाय. तो फक्त आपल्या घरातल्या वायफायवर चालतो. असे नंबर घरोघरी तेच असतात, त्यावरून बाहेरून घर सापडत नाही. काल कामावर, दवाखान्यातून तोच टाकला, तर तिथल्याच प्रिंटरचं पान उघडलं. मला उलगडा होईपर्यंत बाबा बाहेर पडले होते.

"तू जा कॅफेत, बाबांवर मी कामावरून लक्ष ठेवते," असं मीच म्हणाले होते. आणि ते बंदरावर अनवाणी सापडल्यावर मी तुलाच वाट्टेल ते बोलले. चुकलं माझं.

कुसकुस झाकून ठेवलंय. आज बाबांजवळ घरीच थांब.

रेकॉर्डिंग पाहिलं. निघताना बाबांनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "सलवा, जाऊ ना गं?" आणि उत्तराची वाट बघत बराच वेळ दारात उभे राहिले.

सलवा