बापूजींच्या मरणाचा फोन

सोमवार, ११ नोव्हेंबर

पुण्याचे अक्षय सर आमच्या ओसरीत मुक्कामाला! फुलसावंगीत सिनेमा करतायत — आयुष्य मुळात रडण्याचं की हसण्याचं. दिसेल त्याला हाच प्रश्न. कापूस वेचणाऱ्या मानीबाईलाही सोडलं नाही. ती म्हणाली, "आंधी सरका तिकडं, झाड मोडून राह्यले तुमी." तेही यांनी विनोदी भागात घातलं! मी मदतनीस. म्हणजे गावाचं बोलणं त्यांना पुणेरीत समजावून सांगायचं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

अंगणात बापूजींच्या डोक्याला कावळा शिवला. झालं! आता ते मेल्याची खोटी बातमी नातलगाला कळवायची. कोणी खरंखुरं रडलं की अरिष्ट टळतं म्हणे. मला सातवीपर्यंत घरी शिकवणारे, खोटं बोलले की पाटी पुसायला लावणारे बापूजी — सकाळपासून जेवले नाहीत.

आई म्हणते, "विमलताईले लाव फोन." माझ्या थोरल्या बहिणीच्या, खुशीच्या लग्नात मानपानावरून बिनसलं, तेव्हापासून विमलआत्या भावाशी बोलत नाही. ती रडेल? आणि खोटं बोलायचं मी!

अक्षय सर उड्या मारायचेच बाकी. "ट्रॅजेडी आणि कॉमेडी एकाच फोनमध्ये! शुक्रवारी शूट करू." दुसऱ्याचं मरण यांना फुकटच्या जेवणासारखं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

बोलले तर खोटं. नाही बोलले आणि बापूजींना काही झालं तर?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

केला फोन. बापूजी मागच्या खोलीत — त्यांनी ऐकायचं नसतं. समोर कॅमेरा. आत्याचा "हॅलो" आला आणि मी भडाभडा बोलूनच टाकलं — "आत्या, बापूजी ठणठणीत आहेत. कावळा शिवला म्हणून मेले असं सांगायचंय!"

अक्षय सरांनी कपाळावर हात मारला. "कट! वाट लावलीस तू!" कॅमेरा बंद करून चहाला गेले.

आत्या म्हणाली, "बरं माय. आता जसं सांगाचं तसं सांग."

"बापूजी गेले."

आणि ती रडली! हंबरडा फोडून — "भाऊ रे, आता माहेरी कोनाच्या दारात येऊ रे!" सगळं माहीत असून! आयुष्य रडण्याचं की हसण्याचं, असं गावभर विचारत फिरणारा माणूस तेव्हा ओसरीत चहात बिस्कीट बुडवत होता.

बापूजींना एवढंच सांगितलं — रडली. परवापासून नुसत्या चहावर असलेले ते लगेच पानावर बसले. मी खोटं नाही बोलले. पण पुरतं खरंही नाही. जाणूनबुजून रडलेलं चालतं का? विचारू कोणाला?

रविवार, १७ नोव्हेंबर

आत्या कळंबहून आली. दारातच बापूजींना — "काहून रे, मेला नाही तू?" नंतर स्वयंपाकघरात मी तिची माफी मागितली, माझ्या तोंडामुळे उपाय बिघडला म्हणून. ती हसली. "तुह्या आंधी त्याचाच फोन आल्ता. म्हने, तुले बीपी हाय विमल, पोरगी काई सांगन, घाबरू नको."