रेकॉर्डिंगची जबाबदारी माझ्याकडे

रविवार, ५ मे. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. वही नवी. ड्रायव्हिंग स्कूलची जुनी हजेरीवही अर्धी कोरी होती, पण तिच्यावर ब्रेक ऑइल सांडलंय, आणि विषय कलेचा आहे.

शुक्रवारपासून तळ्याकाठच्या मैदानावर तीन दिवस लोकसंगीत महोत्सव. हिच्या आत्या सध्या आमच्याकडे आहेत, पुढच्या खोलीत, पलंगावर. खुब्याचं हाड मोडलंय, सहा आठवडे हलायचं नाही. आत्या तरुणपणी सूतगिरणीत होत्या. शेजारच्या यंत्रावर त्यांची मैत्रीण. दोघी काम करता करता गायच्या. त्यातलं एक गाणं ती मैत्रीण येत्या रविवारी संध्याकाळी स्टेजवर म्हणणार आहे. बाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. यापुढे त्या स्टेजवर गाणार नाहीत असं पत्रकात छापलंय. आत्यांना बाकी काही नको, ते एक गाणं ऐकायचंय.

ही म्हणाली, मी जाते, मोबाइलवर रेकॉर्ड करून आणते, तोवर तुम्ही आत्याजवळ बसा, गप्पा मारा. त्यावर आत्याच घाईघाईने म्हणाल्या की नको नको, जावईबापूंनाच जाऊ दे. इतका विश्वास. मी शब्द दिला.

बुधवार, ८ मे

साडूंकडून रेकॉर्डर आणला. त्याच्यावर वारा लागू नये म्हणून घालायची एक केसाळ टोपी आहे. सोबत चाळीस पानी पुस्तिका. साडू म्हणाले, निदान पहिली दोन पानं वाचा. हो म्हटलं. वीस वर्षं लोकांना मशीन शिकवतोय, आता मशीन मला शिकवणार?

संकल्प: रोज वेळेवर पोचणे. टोपी घालणे (मी आणि रेकॉर्डर दोघांनी). आणि कार्यक्रम चालू असताना संपूर्ण मौन. खरा जाणकार ऐकतो, बोलत नाही.

गुरुवार, ९ मे. दुपारी

गाडीत रेकॉर्डर लावून सराव. शिकायला बँकवाल्या मॅडम, अकरावा धडा. केसाळ टोपी बघून त्यांना वाटलं डॅशबोर्डवर मांजर मरून पडलंय. त्यांनी ब्रेक मारला. मी माझ्या बाजूचा ब्रेक आधीच मारला होता, हे नमूद करतो.

चौकात मॅडमनी विचारलं की फक्त हे एक वळण मी न बोलता घेऊ देईन का. मी म्हटलं, मौन उद्यापासून आहे.

शुक्रवार, १० मे. संध्याकाळी ७

पहिला दिवस. तिसरी रांग, मधली खुर्ची. याहून चांगली जागा मैदानात नाही. ऊन मरणाचं. मांडवाचं कापड इतकं पातळ की सावलीसुद्धा गरम.

मेंढपाळांची गाणी झाली. डोंगराच्या या बाजूने एकाने हाक द्यायची, त्या बाजूने दुसऱ्याने. फारच सुंदर. शेजारी एक टोपीवाले गृहस्थ होते. त्यांना यातलं कळत नसावं असं चेहऱ्यावरून वाटलं, म्हणून एक-दोन जागा हळूच समजावून दिल्या. याला बोलणं म्हणत नाहीत, मार्गदर्शन म्हणतात. अर्ध्या तासाने ते सातव्या रांगेत जाऊन बसले. तिथे पंखा आहे.

पाच वाजेपर्यंत माझ्या डावीकडच्या चार आणि उजवीकडच्या तीन खुर्च्या रिकाम्या झाल्या. जाणकार माणसाला लोक आपण होऊन मोकळी जागा देतात. पाय पसरून बसलो.

रेकॉर्डरचा लाल दिवा दिवसभर उघडझाप करत होता. काम जोरात चालू.

तोच दिवस, रात्री जेवणानंतर

रेकॉर्डरमध्ये काही नाही. हिने पुस्तिकेचं दुसरं पान वाचून दाखवलं: बटण एकदा दाबलं की दिवा उघडझाप करतो, म्हणजे मशीन तयार. पुन्हा दाबलं की दिवा स्थिर, म्हणजे चालू. मशीन दिवसभर तयार होतं.

आज चाचणीच होती. खरं गाणं रविवारी आहे. आत्यांना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं की रविवारी हिला पाठवलं तर. मी हसण्यावारी नेलं. आजारपणात माणूस हळवा होतो.

शनिवार, ११ मे. संध्याकाळी ७.३०

नाक भाजलंय. टोपी रेकॉर्डरला घातली, माझी घरी राहिली.

बटण दोनदा दाबलं. दिवा स्थिर. आज नावाड्यांची गाणी. वल्हं मारायच्या ठेक्यावर. एक म्हातारे नावाडी असे काही गायले की माझा हात आपोआप गिअरवर गेला. गिअर नव्हता. शेजारी आज एक आजोबा होते. त्यांना सांगितलं, बघा, आता चढ येणार. आला. आता वळण घेणार, सावकाश, आरसा बघून. घेतलं. माझा एकही अंदाज चुकला नाही. आजोबांनी कानातलं श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं. बॅटरी वाचवत असावेत.

मध्यंतरात ध्वनिव्यवस्थेवरची मुलगी मुद्दाम माझ्याजवळ आली. घशाची गोळी दिली. म्हणाली, काका, ही पूर्ण विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि मग आणखी चार दिल्या. एका क्षेत्रातली माणसं एकमेकांना बरोबर ओळखतात. गोळ्या चावून खाल्ल्या, बऱ्या होत्या.

घरी आल्यावर हेडफोन लावून अर्धा मिनिट ऐकलं. आवाज स्पष्ट. गाण्यावर एका पुरुषाचं निवेदन आहे, अगदी जवळून आल्यासारखं. मला प्रत्यक्षात ऐकू आलं नव्हतं, स्पीकर मागे असेल. आवाज जरा नाकातला, पण माहिती पक्की. मधूनमधून धप्प, धप्प असा आवाज आहे. ढोलवाल्याचा पाय जड.

पुढचं ऐकलं नाही. गरज नाही.

रविवार, १२ मे. सकाळी ६.५०

आज. नवे सेल घातले. जास्तीचे चार सेल खिशात. बटण दोनदा. माझी टोपी, त्याची टोपी. मौन, मौन, मौन. असं तीनदा लिहिलं की पक्कं होतं.

निघताना आत्यांनी हात धरला. म्हणाल्या, तिचा पहिला सूर लागायच्या आधीच चालू करा, आणि संपलं तरी लगेच बंद करू नका. बस, एवढंच. मला जरा गलबलून आलं. ब्रेक तपासून निघालो.

तोच दिवस. रात्री ८.१५

झालं. रेकॉर्डिंग उत्तम. दिवा शेवटपर्यंत स्थिर.

बाई आल्या त्या काठी टेकत. खुर्ची नको म्हणाल्या. साथीला कोणी नाही. एक हात कमरेवर, एक हात हवेत, यंत्रावरचं सूत सारखं करतात तसा. आणि आवाज! सूतगिरणीच्या गोंगाटात गायलेला गळा, त्याला माइक म्हणजे खेळणं.

फक्त एक वाईट वाटलं. बाई मधेमधे विसरत होत्या. एक ओळ म्हणायच्या, मग उजवीकडे बघत गप्प उभ्या राहायच्या. सबंध एक ओळ जाईल इतका वेळ. मग पुढची ओळ. असं सात-आठ वेळा. मैदानात टाचणी पडली तरी ऐकू येईल. लोकांनाही अवघडल्यासारखं झालं असणार. मी तेवढा प्रत्येक वेळी खालून धीर दिला, हळू आवाजात. माझ्या शेजारी आज सुरुवातीपासूनच कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाला त्रास व्हायचा प्रश्न नव्हता.

घरी आलो तेव्हा आत्यांना औषधाने झोप लागली होती. उद्या सगळ्यांनी मिळून ऐकायचं. ही म्हणाली, आधी आपण एकदा ऐकून बघू या का. मी म्हटलं, अविश्वासाची हद्द झाली.

सोमवार, १३ मे. दुपारी ४

लिहावं की नाही विचार करत होतो. लिहितो. ही वही कोणी वाचत नाही.

अकरा वाजता आत्यांना उशांना टेकवून बसवलं. हिने खिडकी लावली. मी रेकॉर्डर मधे ठेवला आणि दोन शब्द प्रास्ताविक केलं. मग लावलं.

सुरुवातीलाच निवेदक. तोच, शनिवारचा, नाकातल्या आवाजाचा. तो म्हणाला, आता अगदी शांततेत रेकॉर्ड करायचंय, आमच्या हिच्या आत्या घरी पडून आहेत, त्यांच्यासाठी.

मी म्हटलं, काय योगायोग आहे.

ही माझ्याकडे बघत राहिली. आत्याही. मग मीही रेकॉर्डरकडे बघत राहिलो.

बाईंची पहिली ओळ आली, जागी का गं, जागी का? मग शांतता. आणि त्या शांततेत मी: विसरल्या. वय झालं. होतं असं. पुढची ओळ. शांतता. मी: घ्या, घ्या, सावकाश, घाई नाही. धप्प. (तो पाय माझा होता. मला नसलेला ब्रेक दाबायची सवय आहे.) पुढची ओळ. शांतता. मी: आता सरळ जाऊ द्या. एकही जागा मी रिकामी सोडलेली नाही.

आत्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला आधी वाटलं माझ्यामुळे. माझ्यामुळे नव्हतं. संपल्यावर त्यांनी सांगितलं.

ते गाणं दोघींचं आहे. रात्रपाळीत डोळा लागला तर बोटं यंत्रात जायची, म्हणून शेजारणीला जागं ठेवायला म्हणायचं. एकीने विचारायचं, जागी का? दुसरीने उत्तर द्यायचं. विचारणारी ती, उत्तर देणाऱ्या आत्या. आत्यांचं यंत्र उजव्या हाताला होतं. बाई काही विसरल्या नव्हत्या. त्या आत्यांच्या ओळी होत्या. दुसऱ्या कोणाला त्यांनी त्या म्हणू दिल्या नाहीत, आणि अख्ख्या मैदानासमोर त्या जागा तशाच ठेवल्या.

अख्खं मैदान गप्प होतं. मी सोडून.

मला लाज वाटली. हिला ते सांगितलं नाही. हिला म्हटलं की मशीन फारच संवेदनशील आहे.

मंगळवार, १४ मे. सकाळी ११.४५

ध्वनिव्यवस्थेवरच्या मुलीला फोन केला, त्यांच्याकडचं रेकॉर्डिंग मिळेल का म्हणून. तिने आवाज ओळखला. म्हणाली, काका, आमच्याही रेकॉर्डिंगमध्ये आहात तुम्ही. स्टेजसमोरच्या माइकवर. म्हणजे जागेची निवड चुकली नव्हती.

नंतर आत्यांनीच तोड काढली. तेच रेकॉर्डिंग लावायचं, आणि रिकाम्या जागी आत्यांनी गायचं. रिकाम्या म्हणजे मी आहे तिथे. ते हिने मोबाइलवर घ्यायचं आणि मैत्रिणीला पाठवायचं. मी विचारलं, आत्या, माझा आवाज? त्या म्हणाल्या, जावईबापू, आम्ही यंत्रांच्या वरून गायलोय.

मदत म्हणून मी टेबलाजवळ उभा राहिलो. हिने मला दाराबाहेर उभं केलं, दार लावलं आणि आतून कडी घातली. इतकं करायची गरज नव्हती.

जिन्यात उभा. हातात काही नाही. शेजारी कोणी नाही. आतून बारीक आवाज आला, जागी का गं, जागी का? आणि त्याच्यावर आत्या. पडल्यापासून त्यांचा आवाज चहा मागण्याएवढाच ऐकला होता. हा आवाज दारातून थेट आला. जागी गं बाई, तुझ्या बाजूला. मी त्यात कुठेच ऐकू येत नव्हतो. कान लावून बघितलं, खरंच नव्हतो.

सबंध गाणं ऐकलं. तीन दिवस महोत्सवाला बसून एकही गाणं पूर्ण ऐकलं नव्हतं, हे तिथे लक्षात आलं. पाय जमिनीवर ठेवले होते, हलवले नाहीत.

शेवटची ओळ आत्यांची. ती संपली आणि माझ्या तोंडून वा गेलं. एकदाच. हळू.

कडी निघाली. ही दारात उभी. मोबाइल तिच्या हातात अजून चालू. ती काही बोलणार, एवढ्यात आतून आत्या म्हणाल्या, राहू दे गं. ते जागेवर पडलंय.

गुरुवार, १६ मे. संध्याकाळी ६

आत्यांच्या मैत्रिणीचं उत्तर आलं. तिच्या सुनेने टाइप केलंय. तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा उत्तर बरोबर ठेक्यात आलं, आता हाड लवकर सांध आणि इकडे ये, वगैरे. आत्यांनी तो मेसेज हिला पाच वेळा वाचायला लावला. दुपारी पोळी जास्तीची घेतली.

खाली दोन ओळी आणखी आहेत. तुझ्या आवाजाखाली एक माणूस सारखी गाडी शिकवतोय, तो कोण, त्याला आधी उतरव. आणि शेवटी दाराबाहेर एक गृहस्थ आहेत, ते मात्र ऐकणारे दिसतात. त्यांना माझा नमस्कार सांग.

हिने विचारलं, काय कळवू? मी म्हटलं, नमस्कार पोचला म्हणून कळव. त्या दुसऱ्या माणसाशी आपली ओळख नाही.