भवानीच्या वेळचं ‘नको’

प्रिय जनामावशी,

काल नौपाड्याच्या मासळीबाजारात तुझ्या जागेवर तुझी लेक बसलेली दिसली. तू कुठेयस विचारलं, तर म्हणाली, आई खोकल्याच्या दुखण्याने गेली, पंधरा दिवस झाले. मला खोकल्याचंही कुणी कळवलं नाही गं! आणि कळवावं तरी कशाला? मी तुझी कोण? एक गिऱ्हाईक.

म्हणून आता लिहितेय. समोर बोलायची हिंमत झाली नव्हती.

आठवतं, कॉम्प्युटरवर मराठी शिकवायचे धडे करत होते, तेव्हा बाजाराच्या धड्यासाठी तुझा आवाज घेतला होता? माइक तोंडापुढे धरला तर म्हणालीस, हा काय खातो गो? आणि मग गंभीर होऊन सांगितलंस, “भवानी झाली नसंल तं ‘नको’ बोलाचा नाय. ह्ये पन शिकव गो बाय.”

तेवढंच मी कापलं. आवाजाला डिस्कवर जागा पुरत नव्हती, हे खरं. पण पहिल्या विक्रीचं एवढं काय, असंही वाटलं होतं. ‘केवढ्याला’, ‘महाग आहे’, ‘नको’ ही माझी वाक्यं मात्र ठेवली!

नेमकी माझी विद्यार्थिनी शुभ्रा, कलकत्त्याहून नवीन आलेली, सकाळी सकाळी तुझ्याकडे आली. तू पापलेट कापून दिलंस आणि ही स्वच्छ उच्चारात म्हणाली, महाग आहे, नको. तू तिला हाकललंस. बरोबरच होतं तुझं! पहिलंच गिऱ्हाईक परत गेलं की दिवस फुकट जातो, ही तुमची रीत तिला कुणी सांगितली होती?

ती रडत क्लासला आली. आणि मी काय म्हणावं? म्हटलं, मनावर घेऊ नकोस, त्या मावशीचं तोंडच तसलं आहे. तेव्हापासून ती बाजारात मराठी बोलतच नाही, खुणा करते.

तू मला विचारलंही होतंस, “कोनी शिकवला गो तिला आसा?” मी पिशवी पुढे करत म्हटलं, काय माहीत. लाज वाटते गं. तूही जरा खोदून विचारायचंस ना! लगेच विश्वास ठेवलास.

उद्या सकाळी शुभ्राला घेऊन तुझ्या लेकीकडे जाणार आहे. दोघींच्या समोर, बाजार ऐकेल अशा आवाजात सांगणार आहे, की ते मी शिकवलं आणि नाव जनामावशीचं खराब केलं. लेक चिडेल. चिडू दे. शुभ्राही कदाचित क्लास सोडेल. तरी सांगेन, मावशी.

तुझी मास्तरीण,
वसुधा