घंटागाडीचं गाणं

सातपूर, नाशिक
१४ ऑक्टोबर २००८

चि. धनराजभाऊजी यांस आशावहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहोत. तुमच्या दादांची या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे. गुडघा कुरकुरतो, पण कंपनी सोडायचं नाव काढत नाहीत. वेदिका अंबडला एका ऑफिसात लागली. तुमची तब्येत विचारत नाही, कारण परवा फोनवर आवाज चांगला खणखणीत होता. दादांना तुम्ही काय काय बोललात ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मी बोलायला आले तर तुम्ही फोन आपटलात. म्हणून हे पत्र.

रविवारी सिडकोच्या मैदानावर तुमचा सत्कार झाला, तेव्हा आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. ‘नाशिकचे सुपुत्र, संगीतकार डी. राज’ असा बॅनर होता. पांढरं जाकीट शोभत होतं तुम्हाला, पोट मात्र आवरा आता. तुम्ही तो गळ्यात अडकवायचा कीबोर्ड घेऊन पुढे आलात आणि तुमचं ते गाजलेलं गाणं सुरू केलंत. दोन ओळीसुद्धा झाल्या नसतील, पुढच्या बायका हसायलाच लागल्या. एकीने दुसरीला ढोसलं, “ऊठ गं, बादली आण.” मग अख्खं मैदान हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, “सायेब, वला टाकू का सुका?” तुमच्या हातून सूर सुटला. मुंबईच्या कॅसेट कंपनीचे ते दोघे पहिल्या रांगेतून उठून गेले, तेही मी पाहिलं.

“यामागे कोण आहे ते शोधून काढतो” असं तुम्ही दादांना म्हणालात. शोधायचे कष्ट घेऊ नका. मी आहे.

सातपूर-सिडकोतल्या कचऱ्याच्या घंटागाड्यांचा ठेका जयराम नावाच्या माणसाकडे आहे. नुसती घंटा लोकांना ऐकू येत नाही, म्हणून त्याला गाणं हवं होतं. मी भजनी मंडळात गाते, तर तो माझ्याकडे आला. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, असे शब्द मीच जुळवले. चाल मात्र तयार होती. ती मी मुद्दाम तुमच्या त्या नाचाच्या गाण्याच्या लयीत गायले. जयराम खूश. “चाल लय भारी हाय वैनी,” म्हणाला, “पाय आपोआप हलतोय.” तेव्हापासून रोज सकाळी ती सगळ्या गल्ल्यांतून फिरते. ज्यांना तुमचं गाणं आठवतं त्यांचाही हात आता आधी बादलीकडे जातो.

तुम्ही म्हणालात, “कोणीतरी माझी चाल चोरली.” भाऊजी, काय हा निर्लज्जपणा.

वेदिका पाळण्यात होती तेव्हा तुम्ही आमच्याकडेच राहायचात. गणपतीत, लग्नांत ऑर्केस्ट्राला वाजवायचात आणि दिवसभर पाळण्याशेजारी कीबोर्ड मांडून सराव करायचात. काळ्या पट्ट्यांची भीती होती तुम्हाला. मी काळी दोनमध्ये गायचे आणि तुम्ही बटण दाबून सूर पांढऱ्या पट्ट्यांवर सरकवून घ्यायचात. ही चाल म्हणजे तेव्हाची अंगाई, मी ती तिच्यासाठी, आमच्या ठमूसाठी रचली होती. तुम्ही साथ द्यायचात, आणि मला तेव्हा केवढं कौतुक होतं तुमचं.

पुढे तुम्ही मुंबईला गेलात, स्टुडिओत दुसऱ्यांसाठी वाजवत राहिलात, मग स्वतःचे रिमिक्स काढू लागलात. अठ्ठ्याण्णव साली तुमची पहिली मोठी कॅसेट आली तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. घरी येऊन टेप लावला. खाली ढोल, वर कुठल्याशा मुलीचं खिदळणं, आणि शब्द काय, तर ‘ठमू ठमू, जवळ ये, दिवा मालव, दार लाव’. चाल माझी, आणि नाव माझ्या पोरीचं. दादांनी टेप बंद केला आणि न जेवता कामावर गेले.

मी तुम्हाला फोन केला, नाव तरी बदला म्हणून विनवलं. तुम्ही हसलात. म्हणालात, नाव कॅची आहे वहिनी, आणि चाल तुमची याला पुरावा काय?

अख्ख्या कॉलनीत तिला ठमू म्हणायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं. ती तेव्हा पाचवीत होती. पानटपरीवरची पोरं ती दिसली की ते गाणं म्हणायची. दार लाव म्हणायची, पाचवीतल्या मुलीला. आठवीत तिने सायकल सोडली, नाचाचा क्लास सोडला. एक दिवस दप्तर फेकून म्हणाली, “आई, तू पण मला त्या नावाने हाक मारू नकोस.” तेव्हापासून मी मारलेली नाही. आपल्याच लेकीला वेदिका वेदिका म्हणताना शेजारच्या मुलीला बोलावल्यासारखं वाटतं. याचं मला फार दुःख आहे, भाऊजी, आणि त्याहून जास्त राग आहे.

जयरामकडे रेकॉर्डिंग करताना मी दोनदा मध्येच थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून गायले. आपली अंगाई आपल्याच हाताने कचऱ्यात घालतेय, हे मला कळत होतं. पण तुमच्याकडे राहण्यापेक्षा ती कचऱ्यात बरी. तिथे निदान तिला दार लाव म्हणणारं कोणी नाही. ती मला परत मिळणार नव्हतीच. आता ती तुम्हालाही कुठल्या स्टेजवर वाजवता येणार नाही.

कॅसेट कंपनीने तुमचा नवा रिमिक्स अडकवून ठेवलाय, गाडीवरचं गाणं थांबलं तरच काढतील, म्हणून त्या गाडीवाल्यांना गाठून समजाव, असं तुम्ही दादांना सांगितलंत. त्यांनी तो निरोप मला दिला, पण समजावलं नाही. गाणं थांबणार नाही. उलट जयरामच्या मेहुण्याकडे मुंबईत तुमच्याच उपनगरातल्या गाड्यांचा ठेका आहे. त्याला गाणं फार आवडलं. सीडी काल कुरियरने रवाना केली.

दिवाळीनंतर सुरू करतो म्हणालाय. रोज सकाळी तुमच्या सोसायटीच्या गेटवर मी गाईन. ओला-सुका वेगळा करून खाली या.

गीत, संगीत आणि आवाज :
आशा